कातळाची ऊब

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक सशीण राहत असे. तिला पाच दिवसांची तीन पिल्ले होती. तिथे थंडी फार कडक, म्हणून एका म्हाताऱ्या अस्वलाने जांभळीखाली शेकोटी पेटती ठेवली होती. शेकायला येणाऱ्याने एक लाकूड आणायचे, अशी रीत होती. कुणी सुके आणी, कुणी ओले. अस्वल काही न पाहता सगळेच आगीत घाली.

त्याच जांभळीवर मधमाश्यांचे पोळे होते. धुराने त्या बेजार झाल्या. राणीमाशी म्हणाली, "अस्वलदादा, आग विझवा. आम्ही निघून गेलो तर मोहरावर कोण बसणार? पुढच्या वर्षी फळे कुठून खाल?"

"आणि आजच गारठून मेलो, तर ती फळे खायला उरणार कोण?" अस्वल गुरगुरले.

सशीण दोघांचेही ऐकत होती. पिल्लांना आज ऊब हवी होती, आणि मोठी झाल्यावर खायलाही हवे होते. कुणाची बाजू घ्यावी? तेवढ्यात एक तापट माकड ओरडले, "रोजची कटकट नको!" आणि त्याने शेकोटीवर भराभर माती लोटली.

सूर्य मावळायला आला. बोचरा वारा सुटला. धाकट्या पिल्लाने दूध पिणे सोडले, त्याचे कान गार पडले. सशिणीने त्याला तोंडात धरले आणि ती वरच्या काळ्या कातळाकडे धावली. तिथे घोरपड पहुडली होती.

"मावशी, जरा सरकता का?"

"ये, बाई. दिवसभर ऊन प्यालाय हा कातळ, अजून गरम आहे."

कातळाच्या कपारीत थोड्या वेळाने पिल्लाने पाय हलवले आणि आईला हुंगले. सशिणीचा जीव भांड्यात पडला. तिने बाकीची दोन्हीही तिथेच आणली. पण पहाटे कातळ निवला आणि पिल्ले पुन्हा कुडकुडू लागली.

उजाडताच ती अस्वलाकडे गेली. "दादा, संध्याकाळी आम्हाला कातळ पुरतो, पहाटे पुरत नाही. तेव्हा पहाटेपुरतीच आग लावा. लाकूड सुकेच घ्या, आणि शेकोटी पोळ्यापासून लांब, वारा धूर पलीकडे नेईल तिथे हलवा. कातळाखाली आज सगळे मावत नाहीत. आपण रोज तिथे नवी खोल बिळे उकरू, खोल बिळात ऊब पहाटेपर्यंत टिकते. बिळे वाढतील तशी आग कमी करू."

"म्हणजे माझी आग अर्धीच?" अस्वल कुरकुरले.

"आणि आम्हाला धूर थोडा का होईना, आहेच!" राणीमाशी फणफणली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनाही हसू आले. माकड खाली मान घालून माती बाजूला करू लागले. खाली निखारे अजून जिवंत होते. अस्वलाने ते उचलून दूर नेले. पोळे जागेवर राहिले. त्या रात्री सशीण पिल्लांना पोटाशी घेऊन निवांत झोपली.

तात्पर्य : दोघांचीही भीती खरी असते तेव्हा एकाला हरवून भागत नाही. आजचा जीव जपत, उद्याची सोय रोज थोडी थोडी वाढवावी.