कोरी हलगी

एकदा एका पेठेच्या गावी एका वृद्धेने बायकांना हलगी शिकवायचा घाट घातला. तिला स्वतःला कोणी शिकवले नव्हते. ऐकून ऐकून हात बसलेला. बारा जणी आल्या, साऱ्या नवशिक्या. त्यांतली एक चाळिशीची. सासरी ताटली जरा आपटली, तरी "हळू!" ऐकण्यात तिचा जन्म गेलेला. हलगी खांद्याला अडकवली की तिला वाटे, एवढी एकच वस्तू काय ती आपली.

गावच्या व्यापाऱ्याने यात्रेसाठी मांडव देऊ केला, पण अट घालून. "जिचा ठोका चुकेल ती हलगी ठेवून रिंगणाबाहेर. माझ्या मांडवात हसं नको. आदल्या दिवशी मी स्वतः निवड करीन." वृद्धा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

त्या दिवसापासून ही चाळिशीची शिष्या काठी उचली, खाली आणी आणि चामड्यापासून बोटभर अंतरावर थांबवी. अकरा हलग्यांच्या कल्लोळात कोणाला कळणार? वाजवलेच नाही, तर चुकणार कुठून! आणि चुकले नाही, तर हलगी जाणार नाही.

निवडीच्या सकाळी चामडे ताणावे म्हणून वृद्धेने विस्तवावर हलग्या शेकल्या, मग वाटीत गेरू कालवून प्रत्येकीच्या काठीचे टोक त्यात बुडवले.

"आजी, पूजा मांडलीय की काय?" एक खुदकली.

"दात नंतर काढ. वाजवा."

वाजवणे संपल्यावर तिने हलग्या ओळीने मांडायला लावल्या. अकरा हलग्यांवर तांबडे डाग. कोणाचे मध्यावर, कोणाचे काठावर, एकीच्या तर हनुवटीवरही. बारावी पांढरी शुभ्र.

समोर बसलेला व्यापारी खूश झाला; त्याला वाटले, डाग म्हणजे चुका. "याला म्हणतात स्वच्छ हात! ही राहील. बाकीच्यांचं बघू."

शिष्या पुढे आली. गप्प बसली असती, तर मांडवातली जागा पक्की होती. ती म्हणाली, "आजी, मी वाजवलंच नाही. इतके दिवस नुसता हात हलवते आहे."

"म्हणजे फसवलंस!" व्यापारी उठला. "आधी हिला हाकला."

"बसा खाली, शेटजी," वृद्धा म्हणाली. "या अकराही चुकल्या. पण एकीचा चुकलेला ठोका शेजारणीने पुढच्या ठोक्यात सावरला, म्हणून तुमच्या कानांना ताल लागला. रिंगण त्यासाठीच असतं. जो ठोका पडलाच नाही, त्याला कोणी सावरायचं? हिचा हात तुमच्या अटीने अडवलाय. अट उचला, नाहीतर मांडव उचला."

"मग उन्हात वाजवाल?"

"उन्हात चामडं ताणतं. विस्तवाचा खर्च वाचला." मग शिष्येकडे वळून ती म्हणाली, "आणि बये, उद्या पहिला ठोका तुझा."

यात्रेच्या दिवशी भर उन्हात शिष्येने काठीचे टोक पुन्हा गेरूत बुडवले, काठी उचलली आणि हाणली. ठोका आजीच्या इशाऱ्याआधीच पडला, तोही काठावर. मांडवाच्या सावलीतून व्यापारी फिदीफिदी हसला. तिचा हात मात्र थांबला नाही. शेजारणीने दुसऱ्या ठोक्यात तो सावरला, तिसरा तिचा तिलाच सापडला, आणि बारा हलग्या अशा कडाडल्या की मांडवातली माणसे उठून उन्हात आली.

घरी पोहोचताच सासूने हलगीच्या काठावरचा तांबडा डाग पाहिला. "ते आधी पूस."

"नाही पुसणार," ती म्हणाली. मुळीच हळू नाही.