कुंपणावरचं झबलं

खाडीच्या काठाला एक गाव होतं आणि त्या गावात औषधालासुद्धा झाड नव्हतं. गाव मिठागरांचं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हाने ते आटवायचं, खाली बसलेलं मीठ फळीने ओढायचं आणि पाट्या भरभरून बांधावरच्या राशीवर नेऊन टाकायचं, हाच सगळ्यांचा धंदा. खाऱ्या मातीत झाड जगत नाही. दुसऱ्या गावच्या बाया कामावर जाताना लेकराची झोळी झाडाला बांधतात. इथल्या बायांनी ती कशाला बांधायची?

म्हणून गावाने फार पूर्वीच एक तोड काढली होती. गावाच्या तोंडाशी झावळ्यांनी शाकारलेली एक लांबट खोपी होती. तिला पाळण्याची खोपी म्हणत. तिथे बायजाआजी आणि तिच्या हाताखालच्या बाया कामकरी आयांची पोरं सांभाळत, त्यांना पेज भरवत, दूध पाजत. आता हे सगळं काही फुकट होत नाही. त्यासाठी रोज सकाळी प्रत्येक आगराची, म्हणजे मिठागराची, पहिली पाटी मालकाच्या राशीवर न जाता खोपीमागच्या वेगळ्या राशीवर पडे. ते मीठ विकून सांभाळणाऱ्या बायांचा पगार निघे आणि दुधाचा खर्चही भागे.

ज्या घरातले सगळे हात कामाला जातात आणि तरी जेमतेम हातातोंडाची गाठ पडते, अशा कुठल्याही घराने आपलं लेकरू तिथे ठेवावं. मागायची रीतही सोपी होती. तोंडाने काही बोलायचं नाही. खोपीच्या कुंपणावर लेकराचं एक झबलं टांगायचं, की झालं. त्यावर कोणी प्रश्न विचारायचा नाही आणि बायजाआजीनेही आपणहून कोणाला ये म्हणायचं नाही. दिवस बरे आले, की जिचं तिने झबलं काढून न्यायचं.

रीत चांगली होती, पण गोमीला ती अजिबात आवडत नसे.

गोमी कामाला वाघीण. तिचा नवरा पदू गलबतावर खलाशी होता. दिवाळी झाली की तो जाई आणि पावसाच्या तोंडावर परते. येताना आणलेली कमाई पावसाळा काढण्यापुरती पुरे. सासूसासरे नव्हते, माहेर खाडीपलीकडे. घरात गोमी आणि तिची लेक ठकी, नुकती रांगायला लागलेली. गोमीच्या वडिलांनी तिला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती, की कोणापुढे हात पसरायचा नाही. गोमीने ती इतकी मनावर घेतली होती, की कुंपणावर टांगलेली झबली दिसली की ती नाक मुरडे. त्या बायांशी ती हसून बोले, पण यांना लाज कशी वाटत नाही, असं मनात म्हणे.

आता गंमत बघा. गोमीचं घर खोपीच्या अगदी समोर. ठकीचं झबलं अंगणाच्या कुडावर वाळत घातलं आणि ते वाऱ्याने उडून समोरच्या कुंपणाला अडकलं, तर लोकांना वाटायचं, गोमीनेही टांगलं. या धास्तीने ती लेकीची झबली घरात, चुलीवर दोरी बांधून वाळवी. त्यामुळे ती पोर सदा धुराच्या वासाची. ऊन ओसंडून चाललेल्या गावात एकाच घरचे कपडे चुलीवर वाळत होते.

कामावर जाताना गोमी ठकीला बरोबर नेई. पाणी आत घेण्याचा चर बांधाजवळच होता आणि भरतीला तो भरून वाहे. पोर रांगत तिकडे जाऊ नये म्हणून गोमीने राशीजवळ एक खुंटी ठोकली, जुन्या लुगड्याची दोरी वळली, तिचं एक टोक ठकीच्या कमरेला बांधलं आणि दुसरं खुंटीला. राशीची सावली सरके तशी ती खुंटीही सरकवी. भर दुपारी मात्र राशीला सावलीच उरत नसे. मग पोरीच्या डोक्यावर ओलं फडकं टाकून ती पुन्हा पाटी उचली. सुरुवातीला आई दूर गेली की ठकी टाहो फोडी. पुढे ती रडेनाशी झाली. गोमी शेजारणींना कौतुकाने सांगे, की माझी ठकी मोठी शहाणी आहे, जरासुद्धा रडत नाही.

एका संध्याकाळी ती लेकीला न्हाऊ घालत होती. झबलं उतरवलं आणि तिचा हात थांबला. कमरेभोवती दोरीने लालभडक वळ उठला होता. कातडं सोललं होतं आणि त्यात मिठाचे बारीक कण बसले होते. गोमीचं बोट लागलं तेव्हा ठकी रडली नाही. तिने फक्त आईचं मनगट धरून बाजूला केलं. मग गोमीच्या ध्यानात आलं, की पोर शहाणी झाली नव्हती. रडून कोणी येत नाही, एवढंच ती शिकली होती. गोमी तिला पोटाशी धरून ढसाढसा रडली. बाप म्हणाला होता हात पसरू नकोस, पण त्यापायी लेकीला खुंटीला बांध, असं काही तो म्हणाला नव्हता.

सकाळी तिने ठकीला कडेवर घेतलं आणि एक झबलं पदराआड लपवून ती घराबाहेर पडली. कुंपण हाकेच्या अंतरावर, पण पाय उचलेना. समोरून बाया पाट्या घेऊन चालल्या होत्या. गोमी उगाच पुढे गेली, परत फिरली, पायात काटा मोडल्यासारखी खाली वाकली. शेवटी ठकी कडेवरच कळवळली. दोरीचा वळ दुखला असावा. त्यासरशी गोमीने झबलं काढलं, कुंपणावर टाकलं आणि खाली मान घालून ती खोपीत शिरली.

बायजाआजी एका पोराला पेज भरवत होती. गोमीने सांगितलं, की झबलं टांगलंय, पण फुकट काही नको. ती दिवेलागणीला येऊन पाणी भरेल, खोपी झाडेल, पडेल ते काम करील. आजीने आधी ठकीला मांडीवर घेतलं, वळ पाहिला, खोबरेल लावलं. मग तिच्या झबल्याचा वास घेतला.

"धुराचा वास येतो गो पोरीला. मी समोरच तर असते. मला काय कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस, आजी?"

"बोलायची रीत नाही. रोज सकाळी तुझ्या दाराकडे बघत बसायचे." आजीने डोळे पुसले आणि मग विचारलं, "खोपीमागं रास आहे, ती कोणी घातली?"

"आगरांच्या मालकांनी."

"त्यांच्या डोक्यावरून आली का ती?"

लग्न होऊन गोमी या गावात आली तेव्हापासून रोजची पहिली पाटी तिच्याच डोक्यावरून त्या राशीवर येत होती. तेवढा जास्तीचा फेरा पडतो म्हणून ती कुरकुरायचीसुद्धा. तेव्हा ठकी नव्हती. कोणाकोणाची लेकरं त्या मिठावर वाढली, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं.

आजी म्हणाली, "वाहताना तुला ते दान वाटलं नाही. मग घेताना भीक कशी वाटते गो? पाणी भरायला माझ्याकडे बाई आहे. तू आगरात जा, तुझा दिवस मोडू नकोस."

त्या दिवशी गोमीने सवयीने किती तरी वेळा राशीकडे मान वळवली. तिथे कोणी नव्हतं. दुपारी तिने खुंटी उपटली आणि चरात भिरकावून दिली. संध्याकाळी ती खोपीच्या दारात आली, तेव्हा आजीच्या कडेवरून तिला पाहताच ठकीने भोकाड पसरलं. असं खणखणीत रडणं गोमीने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच आजीच्या पाया पडली.

त्यानंतर गोमीची पहिली पाटी शिगोशीग भरलेली असे. पदू परतला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. पुढच्या खेपेला त्याने पाळण्यांसाठी काथ्याच्या चांगल्या मजबूत दोऱ्या आणून दिल्या. कालांतराने तो गलबतावर खलाशांचा म्होरक्या, तांडेल, झाला, दिवस पालटले आणि गोमीने कुंपणावरचं झबलं काढून आणलं. ते तिने धुऊन, घडी घालून पेटीत ठेवलं.

वर्षं गेली. ठकी आईच्या खांद्याला लागली. एका दिवाळीनंतर हंगामाच्या पहिल्या सकाळी मायलेकी पाट्या घेऊन निघाल्या. पावसाळ्यात आगरं बंद, म्हणून सगळी झबली उतरलेली; खोपीचं कुंपण अजून रिकामं होतं. पलीकडे एक नवखी पोरसवदा बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. तिने पदराआड काहीतरी धरलं होतं. ती दोन पावलं पुढे यायची आणि मागे सरायची.

गोमीने पाटी खाली ठेवली. ती घरी गेली, पेटी उघडली आणि ठकीचं ते जुनं झबलं घेऊन आली. रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशा जागी तिने ते कुंपणावर टांगलं.

ठकी चकित झाली. "आये, हे कोणाला होणार आता? आपल्या घरी कुठं लेकरू आहे?"

"पहिलं झबलं टांगताना हात फार जड होतो गो," गोमी म्हणाली. "दुसरं टांगणं सोपं जातं."

मग दोघी पाट्या उचलून मागे न बघता आगराकडे गेल्या. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा कुंपणावर दोन झबली वाऱ्याने हलत होती.

तात्पर्य: कष्ट करून जगणाऱ्याने लेकरासाठी चार जणांचा आधार घेण्यात कमीपणा नाही, आणि त्या आधाराची खरी जाण असेल, तर पुढे येणाऱ्याला वाटणारी लाज आपण आधी आपल्या अंगावर घ्यावी.