फुटक्या नळांचा ओटा

फार जुनी गोष्ट आहे. तिचं पंचांग आता कुणाकडे उरलेलं नाही. एका राज्यात खापराचे नळ घडवणारा मोठा कारखाना होता. डोंगरावरच्या तळ्याचं पाणी त्या नळांतून राजधानीपर्यंत आणायचं होतं. दोनशे माणसं तिथं राबत. कुणी माती तुडवी, कुणी नळ घडवी, कुणी वाळवी, कुणी भट्टी सांभाळी.

पण भट्टीतून निघणाऱ्या दर तीन नळांतला एक फुटका निघे.

शेवटी राणीनं कारभाऱ्याला बजावलं, "चैत्रात पाणी आलं नाही, तर कारखाना बंद. शेजारच्या राज्यातले कुंभार मी बोलावून घेईन."

हे सगळ्यांना झोंबलं. पोटावर पाय तर येणारच होता, पण आपल्या गावाला पाणी पाजायला परके हात यावेत, याहून मोठी नाचक्की कोणती?

कारभारी वाईट नव्हता. मात्र शहाणपण पगडीखालीच राहतं, असा त्याचा समज होता. त्यानं दरबारातले पंडित आणले. पंडित म्हणाले, नळ जाड करा. जाड नळ आणखी फुटले. मग त्यानं हुकूम काढला, की ज्याच्या हातचा नळ फुटेल, त्यानं दिवसभर फाटकाशी बोडक्या डोक्यानं उभं राहायचं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून एकही नळ फुटेना. कारभारी खूश झाला. खरं तर नळ फुटत होते तितकेच. लोक ते भिंतीमागच्या खड्ड्यात पुरत होते. शिक्षा करणाऱ्याला माणसं खरं दाखवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कारभाऱ्याला कळलं नाही.

पण कोठार काही भरेना. का भरेना ते शोधत तो एक दिवस भिंतीमागं गेला, आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत खापरांत रुतला. समोर ठकूबाई उभी होती, डोक्यावर फुटक्या नळांची पाटी घेऊन. चाळीस वर्षं ती कारखान्यात माती तुडवत होती. ती पळाली नाही. पाटी तिनं त्याच्यासमोर उतरवली.

"इतकं फुटतंय, तर कुणी बोललं का नाही?" कारभाऱ्यानं विचारलं.

"मी बोलले होते. मातीत चुनखडीचे खडे आहेत, माझ्या तळव्यांना रोज टोचतात, माती चाळून घ्या म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, म्हातारे, पायानं काम कर, तोंडानं नको. मग केलं पायानंच."

दुसऱ्या दिवशी लोक कामावर आले, तर फाटकाशी कारभारीच उभा, बोडक्या डोक्यानं. लोकांना वाटलं, याला ऊन लागलं. तो म्हणाला, सगळ्यांत मोठा नळ माझ्या हातून फुटलाय.

मग त्यानं अंगणाच्या मधोमध एक ओटा बांधला. रोजचे फुटके नळ त्यावर उघडे मांडायचे, कुणालाही शिक्षा नाही. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी भोवती उभं राहायचं आणि ज्याला जे दिसेल ते त्यानं सांगायचं.

तीन दिवस कुणी तोंड उघडलं नाही. तोंडाला लागलेलं कुलूप हुकमानं निघत नसतं. चौथ्या दिवशी कारभाऱ्यानं ठकूबाईच्या सांगण्यावरून माती चाळायला लावली. बोललेलं खरंच केलं जातं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुलूप निघालं.

वाळवणारा म्हणाला, पश्चिमेचा वारा नळाच्या एकाच अंगाला लागतो, नळ फिरवत राहू. भट्टीवाली म्हणाली, आच आधी मंद ठेवू. एका घडवणाऱ्यानं सुचवलं, मातीत राख दुप्पट घालू. दहा नळांवर करून पाहिलं. दहाही भट्टीत खचले. सगळे हसले, तोही हसला, आणि दुसऱ्या दिवशी नवी युक्ती घेऊन पुन्हा ओट्यापाशी हजर.

फाल्गुनात तिसांतला एक नळ फुटू लागला. चैत्रात राजधानीच्या हौदात पाणी पडलं.

राणी स्वतः कारखान्यात आली. हे कुणाच्या अकलेनं झालं, त्याचा मान करायचा होता तिला. कारभारी म्हणाला, "एकाचं नाव कसं घेऊ, राणीसाहेब? दोनशे आहेत."

राणीनं पुढं उभ्या असलेल्या ठकूबाईला विचारलं, "म्हणजे आता नळ फुटत नाहीत तर?"

"फुटतात की," ठकूबाई ताठ मानेनं म्हणाली. "आज सकाळीच दोन फुटले. का फुटले ते बघत होतो, तेवढ्यात तुम्ही आलात."

राणीनं पालखी परत पाठवली आणि ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

पुढच्या वर्षी शेजारच्या राज्यातले कुंभार आले खरे, पण शिकायला.

म्हणून सांगते: हात कामाला लावता तशी माणसाची अक्कलही कामाला लावा, आणि तिचा मान ठेवा, मग काम रोज सुधारतं.