सखाहरीनं पोरं पोचवली

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. सखाहरी त्याचं नाव. भोळा म्हणजे किती? कुणी "थांब हं, आलोच" म्हणून गेलं, तर हा दिवस मावळेपर्यंत तिथंच उभा. पण सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही, हेही खरं.

त्याची मुलगी मुक्ता तिसरीत होती. पालकांनी पाळीपाळीनं आठवडाभर शाळेत मदतीला यायचं, असा तिथला नियम. सगळ्यांचे बाबा जाऊन आले. सखाहरीची गिरणी सकाळपासून घरघरायची, त्याला कुठली सवड! पोरं मुक्ताला चिडवायची. एक दिवस ती जेवलीच नाही.

मग तिची आई इंदू म्हणाली, "अहो, आठवडाभर गिरणी मी बघते, तुम्ही जा. आणि बाई सांगतील तेवढंच करा. डोकं चालवू नका."

"कधी चालवलंय?" सखाहरी म्हणाला.

सोमवारी शाळेत झाडांची रोपं आली. नलावडे बाई म्हणाल्या, "सखाहरीभाऊ, ही नीट ठेवा." त्यानं ती कपाटात ठेवली, वर कुलूप घातलं. शाळा सुटताना उघडलं, तर सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या.

"अहो, असं नसतं!" बाई म्हणाल्या. "खड्डा करायचा, उभं पुरायचं, वर बादलीभर पाणी घालायचं!"

"असं होय! उद्या तसंच करतो."

मंगळवारी महाराष्ट्राचा नवा कोरा नकाशा आला. चांगला लांबलचक, गुंडाळी केलेला. सखाहरीनं खड्डा केला, नकाशा उभा पुरला, वर बादलीभर पाणी घातलं. अख्खं कोकण चिखलात गेलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, असं नसतं! उंच टांगायचं, सगळ्यांना दिसेल असं!"

"असं होय! उद्या तसंच करतो."

बुधवारी खिचडीचं पातेलं आलं. सखाहरीनं दोरखंड आणला आणि पातेलं चिंचेच्या फांदीला टांगलं. खाली पोरं ताटल्या घेऊन, तोंडं वर करून उभी.

"दिसतेय ना रे सगळ्यांना?"

"दिसतेय, काका!"

"मग झालं तर!"

बाई धावत आल्या. "अहो, असं नसतं हो! एकेकापुढं जायचं, सगळ्यांना सारखं वाढायचं, शेवटच्याला कमी पडू द्यायचं नाही!"

"असं होय! उद्या तसंच करतो."

त्या संध्याकाळी मुक्ता हमसून हमसून रडली. "बाबा, सगळी शाळा हसते. उद्या सहल आहे. उद्या चुकलात तर मी परत शाळेत पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते!"

सखाहरी बिचारा घोकत बसला, सगळ्यांना सारखं, शेवटच्याला कमी नाही.

गुरुवारी सहल धरणावर गेली. झकास झाली, कारण सखाहरीला कुणी कामच सांगितलं नाही. परतताना मात्र बाईंची एसटी फाट्यावर लागलेली. त्यांनी घाईघाईनं त्याच्या हातात यादी दिली. "मुक्ता धरून चोवीस पोरं, आणि तुमचं सोडून ही बारा घरं. दारोदार पोचवा हं!" आणि त्या चढल्या.

पहिलं घर गायकवाडांचं. चार पोरं आत पळाली. सखाहरीनं त्यातली दोन शर्टाला धरून मागं ओढली. "एकाच घरात चार? आणि पुढं जनाकाकूला एकच? अरे, काही न्याय आहे का नाही?"

चोवीस पोरं, बारा घरं. दोन-दोन आली. हिशेबाला गिरणीवाला पक्का!

जनाकाकू म्हणाली, "अरे, हा माझा नातू. पण ही कोणाची?"

"तुमच्या वाट्याची."

"अरे, पण..."

"नको म्हणू नये, काकू. वाढलंय तेवढं घ्यावं."

पोरं ओरडायला लागली, "काका, हे आमचं घर नाही!"

"गप! पानात पडलं ते गोड मानायचं!"

असं करत बारावं घर आलं, ओढ्यापलीकडच्या लोंढ्यांचं. आता हाताशी एकच पोरगं उरलं होतं. आणि मुक्ता. सखाहरी थबकला. एकदा यादीकडे बघितलं, एकदा मुक्ताकडे.

"बाबा, चला ना घरी," मुक्ता म्हणाली.

सखाहरीचे डोळे भरून आले. "पोरी, तुझ्यासाठीच करतोय गं. उद्या तुला कुणी हसायला नको." त्यानं तिचा हात लोंढीणबाईंच्या हातात दिला आणि मागं न बघता निघाला.

गावात एकच गलका उडाला होता. कुणाचं पोर कुणाकडे, कुणालाच कळेना. इंदू गिरणी बंद करून पिठानं माखलेली दारात उभी होती.

"अहो, गावात कसला गोंधळ चाललाय? आणि मुक्ता कुठाय?"

"लोंढ्यांकडे दिली. शेवटचं घर. एक कमी पडत होतं."

"दिली?" इंदूनं दाराची चौकटच धरली. "आणि आपल्या घराला?"

"अगं, असं काय करतेस?" सखाहरी म्हणाला. "वाढणाऱ्यानं शेवटी बसायचं असतं. उरलं तर आपलं."