गुलाबाखालचा ठराव

आंबेतळचे सरपंच भुजाबा थेटे यांच्या शब्दापुढं गावात कुणी जात नसे. ग्रामसभेत त्यांनी मोबाइल उंच धरला.

"गायरान खडी क्रशरला द्यायचा ठराव मी परवा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. दोनशे बारा अंगठे आले. आता चर्चा कसली? ग्रामसेवक, मंजूर लिहा."

ग्रामसेवक वाघचौरेंनी पेन उघडलं. गायरान गेलं तर शेरडं चरणार कुठं, हे त्यांनाही कळत होतं, पण बोलणार कोण?

शेळ्या राखणारी कौसाबाई उभी राहिली. "अंगठा म्हंजी होकार, हे नक्की ना, सरपंच?"

"नक्की. हेही लिहा."

वाघचौरेंनी तेही लिहिलं.

"मग माझाबी ठराव लिहा," म्हणत तिनं आपला मोबाइल टेबलावर ठेवला. सकाळी तिनं त्याच ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकलं होतं. वर 'शुभ सकाळ' आणि खाली बारीक अक्षरांत, 'गायरान कुणालाही द्यायचं नाही.' दोनशे तेरा अंगठे. पहिलाच सरपंचांचा.

सरपंचांनी चिडून आपला मोबाइल टेबलावर आपटला. "अगं, रोज ढिगानं फुलं येतात. वाचत कोण बसतंय? दिसलं की अंगठा द्यायचा."

"आमचंबी परवा तसंच झालं," कौसाबाई शांतपणे म्हणाली.

वीस वर्षांच्या नोकरीत असा वकील वाघचौरेंनी पाहिला नव्हता. त्यांनी लिहिलेलं पान खोडलं, दोन्ही मोबाइल उपडे ठेवले आणि म्हणाले, "गायरान राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं, की आपलाही डावा हात वर गेलाय.