बियाण्याचा कोसा

एका राज्यात माणसांची तोंडं मिटू लागली. आधी ओठांच्या कडा जुळत, मग त्यांवर कातडी चढे. मधे काडीएवढं भोक उरे. एके दिवशी तेही बुजे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. ऐनाच्या रानातले अळ्यांचे कोसे उकळून त्यांचं रेशीम काढणारं ते राज्य. पतंग निघून पुन्हा अंडी घालावीत म्हणून काही कोसे बियाण्यासाठी झाडावरच ठेवायचे, ही तिथली रीत. पण राजाला सिंहासनापासून वेशीपर्यंत पोचणारा शेला हवा झाला, आणि वडीलधाऱ्यांनी माना डोलावून बियाणंही कढईत टाकलं. तेव्हा रानातून पतंगराणीचा आवाज आला, "माझ्या लेकींना तोंड नसतं. आता तुम्हालाही नसेल."

भिवराची धाकटी बहीण दवणा पोकळ काडीने पेज ओढून जगत होती. तिला पाठीशी बांधून भिवरा रानात गेली. ऐनावर धनेश पक्षी बसला होता.

"उशीर केलास," धनेश म्हणाला.

"वडीलधारे विचार करत होते."

"झाला करून?"

"अजून करतायत."

"मग ऐक. या झाडावर एकच अळी उरली आहे. तिला मुंग्यांपासून राख. ती कात टाकेल तेव्हा हात लावू नकोस. आणि कोसा आतून उघडेपर्यंत त्याला कढईपासून जप. पतंग उडाला, की शाप उडाला."

भिवराने खोडाभोवती राखेचं कडं केलं. वाट अडलेल्या मुंग्या तिच्याच पायांवर चढल्या, कडाडून चावल्या. ती हलली नाही. बोटाहून जाड हिरवी अळी करकर पानं खात राहिली. मग ती मेल्यासारखी निपचित झाली. तिचं डोकं गळून पडलं आणि आतून दुसरं डोकं निघालं. भिवराने किंकाळी गिळली, हात मागेच ठेवले. पुढे अळीने फांदीला रेशमाचा देठ बांधला, आणि त्याला लटकून स्वतःला कोंडून घेतलं.

तिसऱ्या कामाला माणसंच आडवी आली. कोसा काढणाऱ्यांचे म्होरके धर्माकाका कढई घेऊन आले, मागे राजा. चूल पेटली, पाणी उकळू लागलं. तेवढ्यात कोशातून खरवडल्याचा आवाज आला. टोकाशी ओल फुटली.

"पोरी, तोड लवकर!" काका अर्ध्या ओठांनी ओरडले. "भोक पडलं की धागा तुटतो. फुटक्या कोशाला कुत्रं विचारत नाही."

"धागा कशाला हवाय, काका?"

"कशाला म्हणजे? धागा आहे तो!"

"शेला एक वीत कमी आहे," राजा उरलेल्या भोकातून पुटपुटला.

तोच दवणाच्या हातून काडी पडली. तिचं भोक बुजलं होतं. डोळे तेवढे ओरडत होते.

काकांनी कोशाकडे हात नेला. भिवराने तो धरला, आणि दवणाच्या चेहऱ्यावर दाबला.

"बघा, काका. किती अखंड आहे. एक तरी भोक सापडतंय?"

काकांची बोटं त्या गुळगुळीत कातडीवर फिरली, पुन्हा फिरली. त्यांनी लाथेने कढई उलथली.

कोसा आतून उघडला. चुरगळलेले ओले पंख घेऊन पतंगाची मादी बाहेर आली आणि फांदीला लोंबकळली. पंख भरले, पसरले. प्रत्येकावर एक डोळा होता. चारही डोळे राजावर रोखून ती उडाली.

दवणाचे ओठ फाटले. "भूक!" ती किंचाळली.

त्या मादीला मात्र भूक नव्हती. अळीपणी खाल्लेलं तिला मरेपर्यंत पुरलं. तिच्या वासावर डोंगरापलीकडून नर आले, ऐनाच्या पानांवर अंडी पडली, आणि बियाण्याला हात लावायचा नाही ही रीत परतली.

राजाचा शेला अजून वीतभर कमीच आहे. ज्याला तो पुरा करावासा वाटेल, त्याने आधी आपल्या ओठांवरून बोट फिरवून बघावं.