गजराजाचा रिकामा माळ

फार वर्षांपूर्वी एका रानावर गजराजाचं राज्य होतं. नदीपलीकडचा एक माळ त्याच्या काहीच उपयोगाचा नव्हता. सशांच्या नगरात बिळं अपुरी पडू लागली, तेव्हा उसाच्या मोबदल्यात तो माळ नगराला विकायचं ठरलं.

ताबा देण्याच्या दिवशी सगळं नगर माळावर जमलं. विक्रीची खूण म्हणून हद्दीवर पाऊल उमटवायला गजराजाने पाय उचलला, तोच एक टिटवी किंचाळत पुढे आली.

"महाराज, खाली माझी अंडी आहेत!"

"माळ रिकामा आहे, मी स्वतः पाहिलाय," प्रधान कोल्हा गुरकावला. "पाय टेकवा, महाराज."

पाय खाली येऊ लागला. सशांची कारभारीण चंद्री धावली आणि अंड्यांना बिलगून बसली.

"बाजूला हो, नाहीतर सौदा मोडला," गजराज गरजला.

"मोडू दे, महाराज. ही अंडी चिरडल्यावर इथे आमच्या पिल्लांना झोप कशी लागेल?"

गजराजाने पाय मागे घेतला.

"सौदा कायम. टिटवीची पिल्लं उडाली की ताबा घ्या." तो कोल्ह्याकडे वळला. "प्रधानजी, माळ पाहिलात तो कुठून?"

कोल्ह्याने मान खाली घातली. "आपल्या पाठीवर बसून, महाराज."